जुन्या मोटारीची सकाळ

पौष महिन्यातील एखादी पहाट डोळ्यांसमोर आणावी. स्थळ इंदूर शहरातील एक जुने घर. घराच्या बाजूला पत्र्याची शेड आणि तिच्यात उभी असलेली १९६५ सालची अँबॅसडर मोटार. रविवार असल्याने घरातील वडीलधारे गृहस्थ, ज्यांना सारे नाना म्हणतात, स्नान आटोपून शेडमध्ये येतात. गाडीवरचे कापड काढतात, चोकची खुंटी बाहेर ओढतात आणि इंजिन सुरू करतात. बाहेर गारठा असल्याने शेडचे दार अर्धेच उघडलेले असते. इंजिन वीस मिनिटे जागच्या जागी घरघरत राहते. नाना तेवढ्यात काचा पुसतात, बॉनेटवरची धूळ झटकतात. वीस मिनिटे भरली की इंजिन बंद होते, कापड पूर्ववत पडते आणि एक कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानाने नाना चहासाठी घरात जातात. या साऱ्या काळात मोटार एक वीतही पुढे सरकलेली नसते.

हे नाना कल्पित आहेत. परंतु ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव किंवा मडगाव, कोठेही जावे, जेथे जुनी मोटार प्रेमाने सांभाळलेली आहे, तेथे असे एखादे नाना भेटतातच. त्यांच्या मनात शंका नसते. कारण नियम वडिलांनी घालून दिलेला असतो : "इंजिन तापल्याखेरीज गाडी हलवायची नाही." ज्या काळी नवी मोटार मिळण्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्या काळी वडिलांनी ही गाडी मिळवलेली. तिच्याविषयी त्यांनी सांगितलेला शब्द मोडणे मुलाच्या जिवावर येते. आणि तरीही एके दिवशी गाडीच्या इंजिनाचे वरचे झाकण उघडले जाते आणि आत लोण्यासारखा पिवळट, चिकट साका आढळतो. मिस्त्री मान हलवतो. नाना म्हणतात, "अहो, दर रविवारी नेमाने सुरू करतो मी गाडी!" मिस्त्री नम्रपणे उत्तर देतो, "नानासाहेब, त्यानेच तर हे झालं."

प्रेमाने केलेल्या सेवेचे असे फळ का मिळावे? जुन्या मोटारीचे इंजिन चालवण्यापूर्वी तापवावे की नाही, हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न या एका उत्तरात सामावलेला आहे. त्याची उकल करायची तर प्रथम थंड इंजिनाच्या पोटात काय चालते, हे पाहिले पाहिजे.

इंजिन हे एक उष्णतायंत्र आहे. ते थंडीत काम करण्यासाठी घडवलेले नसते. ते काम करण्याच्या उष्णतेसाठी मापून घडवलेले असते. सिलिंडर बिडाचा आणि त्यात वरखाली होणारा पिस्टन ॲल्युमिनियमचा. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट फुगते. अँबॅसडरच्या १४८९ घनसेंटिमीटर इंजिनात सिलिंडरचा व्यास सुमारे ७३ मिलिमीटर आहे. ७३ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची चकती १०० अंशांनी तापली तर ती सुमारे ०.१७ मिलिमीटरने वाढते. तेवढीच बिडाची चकती सुमारे ०.०८ मिलिमीटरने वाढते. म्हणून कारागीर थंड स्थितीत पिस्टनभोवती थोडी अधिक मोकळी जागा ठेवतो. गाडी तापली की ती जागा भरून निघते आणि सारे भाग नेमके बसतात. थंड इंजिनातून सकाळी जो हलका टकटक आवाज येतो आणि काही वेळाने आपोआप थांबतो, तो पुष्कळदा या मोकळ्या जागेचाच असतो.

दुसरी गोष्ट तेलाची. थंडीत काकवीची बाटली तिरपी केली तर काकवी किती सावकाश उतरते, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. इंजिनाचे तेल तसेच वागते. जुन्या गाड्यांत सामान्यतः वापरले जाणारे २०डब्ल्यू-५० जातीचे तेल १०० अंश उष्णतेला जेवढे दाट असते, त्याच्या आठनऊ पट ते ४० अंशांना दाट असते. म्हणजे ग्वाल्हेरच्या भर उन्हाळ्यातील दुपारीसुद्धा, इंजिनाच्या दृष्टीने, तेल थंडच होय. पौषातील पहाटे, जेव्हा तेथे पारा पाचसहा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा तर हा दाटपणा आणखी कित्येक पटींनी वाढलेला असतो. शिवाय रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे बरेचसे तेल खालच्या टाकीत निथळून गेलेले असते. इंजिन सुरू झाल्यावर पंपाने ते वर ओढून नळ्यांतून बेअरिंगांपर्यंत पोहोचवीपर्यंत काही सेकंद जातात. त्या काही सेकंदांत धातूवर धातू फिरत असतो, आणि मध्ये काल उरलेला तेलाचा पातळ पापुद्रा तेवढा असतो.

तिसरी गोष्ट पेट्रोलची. द्रव पेट्रोल पेटत नाही. त्याची वाफ पेटते. तापलेल्या इंजिनात पेट्रोलची वाफ सहज होते. थंड इंजिनात मात्र कार्ब्युरेटरमधून निघालेले पेट्रोल थंड नळ्यांच्या भिंतींवर थेंब होऊन बसते आणि सिलिंडरपर्यंत पुरेशी वाफ पोहोचत नाही. म्हणून चोक लागतो. चोक ओढणे म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोलचे प्रमाण पुष्कळ वाढवणे, की त्यातील थोड्याशा भागाची तरी वाफ व्हावी आणि ठिणगी पडताच ती पेटावी. उरलेल्या पेट्रोलचे काय होते? काही धुराबरोबर अर्धवट जळून बाहेर जाते, काही प्लगवर काजळी धरते आणि काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत खाली तेलात मिसळते. वाटेत ते भिंतीवरचा तेलाचा लेप धुऊन नेते. रॉकेलचा बोळा फिरवला की हाताला लागलेले ग्रीस जसे निघून जाते, तसाच हा प्रकार. ज्या भिंतीवर पिस्टनच्या कड्या मिनिटाला शेकडो वेळा घासणार, तीच भिंत कोरडी पडते.

आता चौथी गोष्ट, जी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पेट्रोल जळले म्हणजे पाणी तयार होते. पेट्रोलमध्ये हायड्रोजन असतो. तो हवेतील प्राणवायूशी संयोग पावून पाणी होतो. प्रमाण ऐकून आश्चर्य वाटेल : एक लिटर पेट्रोल पूर्ण जळले तर सुमारे एक लिटर पाणी निर्माण होते. इंजिन तापलेले असेल तर हे पाणी वाफेच्या रूपाने धुरांड्यातून निघून जाते. इंजिन थंड असेल तर त्यातील काही वाफ सिलिंडरच्या थंड भिंतींवर दवासारखी जमते, कड्यांवरून निसटून खाली तेलात उतरते, आणि ज्वलनातून निघालेल्या आम्लांना आपल्यात विरघळवून घेते. थंडीच्या सकाळी जुन्या गाडीच्या सायलेन्सरच्या टोकाशी जे थेंब टपकताना दिसतात, ते हेच पाणी. बाहेर टपकते ते दिसते; आत साचते ते दिसत नाही. तेल, पाणी आणि न जळलेले पेट्रोल यांचे घुसळण होऊन जो साका बनतो, तोच नानांच्या इंजिनात झाकणाखाली सापडला होता.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्स या संस्थेच्या वतीने सी. जी. विल्यम्स यांनी सिलिंडरच्या झिजेचा पद्धतशीर अभ्यास केला. तोपर्यंत सर्वांची समजूत अशी की सिलिंडर झिजतो तो घासून. विल्यम्स यांच्या प्रयोगांतून दिसून आले की थंड भिंतींवर जमणाऱ्या आम्लयुक्त ओलाव्याने धातू गंजणे हे झिजेचे एक फार मोठे कारण आहे, आणि भिंतींची उष्णता वाढून ओलावा जमणे थांबले की ही झीज एकदम घटते. तात्पर्य असे, की इंजिनाचे आयुष्य त्याने किती मैल पार केले यापेक्षा त्याने किती वेळ थंड अवस्थेत काढला, यावर पुष्कळ अंशी ठरते.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग नानांचे बरोबरच आहे! थंड इंजिन इतके घातक असेल तर ते आधी पुरते तापवावे आणि मगच गाडी हलवावी. युक्तिवाद सयुक्तिक दिसतो. त्यातील खोट एकाच ठिकाणी आहे, आणि ती अशी की उभे इंजिन लवकर तापत नाही.

उष्णता येते इंधन जळण्यातून. जागच्या जागी मंद फिरणारे इंजिन फारच थोडे इंधन जाळते, कारण त्याला काही ओझे ओढायचे नसते. घरात बसून शेकोटीवर हात धरणारा माणूस आणि चार फर्लांग झपाझप चालून आलेला माणूस यांपैकी कोणाला अंगभर ऊब येते, हे सांगायला नको. चालत्या गाडीचे पाणी जेथे आठदहा मिनिटांत योग्य उष्णतेला पोहोचते, तेथे उभ्या गाडीचे तेवढ्या वेळात त्या उष्णतेला पोहोचत नाही. म्हणजे ज्या थंड अवस्थेतून इंजिनाला चटकन बाहेर काढायचे, त्याच अवस्थेत ते अधिक वेळ कोंडून ठेवले जाते. तेही चोक ओढलेल्या स्थितीत, भिंती धुतल्या जात असताना.

त्यात आणखी भर पडते. मंद फिरणाऱ्या इंजिनाचा तेलपंपही मंदच फिरतो. सिलिंडरच्या भिंती आणि झडपा उचलणारा कॅमशाफ्ट यांना पुष्कळसे तेल मिळते ते फिरत्या भागांनी उडवलेल्या शिंतोड्यांतून. वेग कमी म्हणजे शिंतोडे कमी. नानांच्या गाडीसारख्या त्या काळच्या गाड्यांत बहुधा डायनामो असतो. तो मंद गतीत बॅटरी भरत नाही. डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा मिणमिणत असतो तो हेच सांगण्यासाठी. इंजिन सुरू करताना बॅटरीतून जी वीज खर्च झाली, ती वीस मिनिटांत परत जमा तर होत नाहीच, उलट ठिणगीसाठी आणखी थोडी खर्च होते. चार रविवार गेले की बॅटरी बसते, आणि दोष बॅटरीच्या कंपनीला दिला जातो.

आणि मोटार म्हणजे केवळ इंजिन नव्हे. गिअरबॉक्समध्ये दाट तेल असते, मागच्या डिफरन्शिअलमध्ये तर त्याहून दाट. चाकांच्या बेअरिंगांत ग्रीस असते. टायर रात्रभर एकाच जागी दबून चपटे झालेले असतात. इंजिन तासभर घरघरले तरी यांपैकी कशालाही पुरेशी ऊब पोहोचत नाही. सकाळी पहिल्या दोन मैलांत दुसरा गिअर टाकताना हाताला जो अडथळा जाणवतो, तो जाण्याचा उपाय एकच : गाडी हळूहळू चालवणे.

मग नानांच्या वडिलांचा नियम चुकीचा होता काय? येथे त्यांना न्याय दिला पाहिजे. ज्या पिढीने मोटारी हँडल मारून सुरू केल्या, तिच्या हाताशी आजचे तेल नव्हते. त्यांच्या तेलाला एकच अंक असे; ते उन्हाळ्यात ठीक वागे आणि थंडीत थिजे. थंडीतही वाहील आणि उष्णतेतही पातळ पडणार नाही असे बहुअंकी तेल सर्रास मिळू लागले ते १९५० नंतरच्या दशकात, आणि आपल्याकडे लहान गावांत पोहोचायला त्यालाही वेळ लागला. तेव्हा दोनतीन मिनिटे थांबणे हे शहाणपणाचे होते. आणखी एक गोष्ट अशी की वडील दोनतीन मिनिटे थांबत आणि मग गाडी बाहेर काढून रोज कचेरीत जात. संध्याकाळी त्याच गाडीने परत येत. रविवारी घरची मंडळी घेऊन देवासला जात. त्यांच्या नियमाला दोन अंगे होती : थोडे थांबणे आणि मग चालवणे. मुलाने पहिले अंग उचलले, ते दोन मिनिटांचे वीस मिनिटे केले, आणि दुसरे अंग सोडून दिले. परंपरा अनेकदा अशीच पुढच्या पिढीकडे येते. आज्ञेचे शब्द जपले जातात आणि ज्या दिनक्रमात ती आज्ञा शोभत होती, तो दिनक्रम मात्र मागे राहतो.

मग करावे काय? रीत सोपी आहे. गाडी सुरू करण्यापूर्वी तेलाची आणि पाण्याची पातळी पाहावी. चोक लागेल तेवढाच ओढावा. इंजिन सुरू होताच ॲक्सिलरेटर दाबून रेस करू नये. थंड इंजिनाला गुरगुरायला लावणे हा त्याच्यावर केलेला सर्वांत मोठा अत्याचार आहे, कारण तेल पोहोचण्यापूर्वीच वेग वाढतो. तेलाच्या दाबाचा काटा वर येईपर्यंत, अथवा तेलाचा दिवा विझेपर्यंत थांबावे. नंतर अर्धा मिनिट ते एक मिनिट, फार थंडी असेल तर दोन मिनिटे, इंजिन सुरळीत फिरू द्यावे. एवढे झाले की निघावे.

निघावे ते मात्र सावकाश. पहिले पाचसहा किलोमीटर गाडीला चढावर ताणू नये, मोठ्या वेगाने पळवू नये, आणि दुसऱ्या टोकाला जाऊन वरच्या गिअरमध्ये अगदी मंद गतीने धडधडतही नेऊ नये. इंजिन मोकळे, मध्यम गतीने फिरत राहावे. चोक टप्प्याटप्प्याने आत ढकलत जावा आणि इंजिन त्याखेरीज नीट चालू लागताच पूर्ण बंद करावा. चोक विसरून तसाच ओढून ठेवलेली गाडी गावभर काळा धूर सोडत हिंडते आणि आपल्याच सिलिंडरचे तेल धूत असते. पाण्याचा काटा योग्य जागी आला म्हणजे सारे झाले, असेही समजू नये. पाणी आधी तापते, तेल मागाहून. पाण्याला आठदहा मिनिटे लागली तर तेलाला पंधरावीस लागतात. तेवढा धीर धरावा. त्यानंतर गाडी हवी तशी चालवावी.

या संदर्भात एका लहानशा वस्तूचा उल्लेख केला पाहिजे. ती म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन थंड असताना रेडिएटरकडे जाणारा पाण्याचा मार्ग हा अडवून धरतो, आणि पाणी सुमारे ७५ ते ८५ अंशांच्या दरम्यान आले की वाट मोकळी करतो. त्यामुळे इंजिन लवकर तापते आणि तापलेले राहते. आपल्या देशात अनेक गॅरेजांत समजूत अशी की उष्ण प्रदेशात याची गरज नाही. गाडी उकळली की पहिला बळी थर्मोस्टॅटचा. तो काढून टाकला की गाडी उकळण्याचे कमी होते असे वाटते. खरे कारण, म्हणजे गाळाने तुंबलेला रेडिएटर किंवा सैल झालेला पंख्याचा पट्टा, तसेच राहते. अशी गाडी हिवाळ्यात कित्येक मैल गेली तरी पुरती तापत नाही, आणि वर सांगितलेला सारा अनर्थ चालत्या गाडीतही घडत राहतो. नानांच्या गाडीत थर्मोस्टॅट आहे की नाही, हे मिस्त्रीला आधी विचारले पाहिजे.

नियम सांगितला की अपवादही सांगणे आले. गाडी अनेक महिने उभी असेल तर ती एकदम सुरू करू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडावे, हँडलने इंजिन हाताने फिरवून पाहावे, आणि प्लग बसवण्यापूर्वीच, ठिणगी न देता, सेल्फ मारून तेलाचा दाब वर येतो की नाही ते तपासावे. संस्थानिकांच्या काळातील, महायुद्धापूर्वीच्या गाड्या, ज्यांत आजही एकअंकी दाट तेल घालतात, त्यांना काही मिनिटे अधिक द्यावीत. जुनी डिझेल इंजिने उभ्याने आणखीच कमी तापतात, कारण ओझे नसताना ती अत्यल्प इंधन जाळतात. हवेचा दाब ब्रेकसाठी भरेपर्यंत ट्रक थांबवावा लागतो, ती गोष्ट निराळी. कोणी शर्यतीच्या मोटारींचे उदाहरण देईल. फॉर्म्युला वनच्या गाड्यांची इंजिने सुरू करण्यापूर्वी तापवतात हे खरे. परंतु ती उभ्याने फिरवून नव्हे. बाहेरच्या यंत्राने गरम केलेले पाणी आणि तेल त्यांच्या पोटातून आधी खेळवतात आणि मग ती सुरू करतात. म्हणजे थंड इंजिन उभ्याने फिरवत ठेवणे तेथेही टाळलेलेच आहे.

आजच्या काळाने एक नवी अडचणही आणली आहे. २०२५ पासून आपल्या देशात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सर्वत्र २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलची वाफ होण्यासाठी पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, आणि ते हवेतील ओलावा शोषून घेते. जुन्या कार्ब्युरेटरांना याची सवय नाही. थंडीत गाडी सुरू व्हायला कुरकुरते, चोक अधिक वेळ ओढून ठेवावा लागतो आणि जुन्या रबरी नळ्या व पडदे कुजतात. ते इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घालून घ्यावेत, आणि अर्धी भरलेली टाकी महिनोन् महिने तशीच ठेवू नये. उभ्याने तापवण्याच्या सवयीचे तोटे या पेट्रोलने कमी केलेले नाहीत, वाढवले आहेत.

आता त्या गोष्टीकडे वळावयाचे, जिच्यापुढे सिलिंडरची झीज ही क्षुल्लक बाब होय. नानांच्या शेडचे दार अर्धे उघडे असते, हे आरंभी सांगितले. चोक ओढलेल्या जुन्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड वायू फार मोठ्या प्रमाणात असतो. नव्या गाड्यांच्या धुराड्यात तो निकामी करणारे उपकरण असते. १९६५ च्या गाडीत ते नाही. या वायूला रंग नाही, वास नाही. माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट आवेगाने कवटाळते. आधी डोके जड होते, मग मळमळते, पाय लटके पडतात. आणि काहीतरी बिघडले आहे हे कळेपर्यंत दारापर्यंत चालत जाण्याची शक्ती उरत नाही. थंडीच्या सकाळी आजोबांच्या मागे काचा पुसायला आलेला नातू उंचीने लहान असतो आणि श्वास भरभर घेतो. बंद किंवा अर्धवट बंद जागेत मोटारीचे इंजिन फिरवत ठेवू नये, एका मिनिटासाठीही नाही. जे काही अर्धे-एक मिनिट थांबायचे, ते अंगणात येऊन थांबावे. या व्याख्यानातील दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल. एवढे मात्र अवश्य राहावे.

एक प्रश्न उरतो. नाना म्हणतील, "चालवू कोठे? गाडी म्हातारी झाली; कामाला ती नाही, आणि आता कायदाही आड येतो." यात तथ्य आहे. २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे प्रथम नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून निराळी नोंद करता येते. अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तथापि प्रदर्शन, मेळावा, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती-देखभाल यांसाठी ती बाहेर काढण्यास मोकळीक आहे. म्हणजे आपल्या नोंदणीची अट पाहून, पंधरा दिवसांतून एकदा पेट्रोलपंपापर्यंत किंवा मिस्त्रीच्या गॅरेजापर्यंत सावकाश वीसेक किलोमीटरची फेरी पुष्कळांना घालता येईल. अर्धा तास चाललेल्या इंजिनातील पाणी वाफ होऊन निघून जाते, बॅटरी भरते, ब्रेक मोकळे होतात, टायर गोल होतात. २०२३ च्या जानेवारीत वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा जो मोठा मेळावा भरला, तेथे लोकांनी पाहिल्या त्या चालत्या गाड्याही होत्या. चालती राहिली म्हणूनच जुनी गाडी शंभर वर्षांनीही गाडी राहते. आणि जेव्हा फेरी शक्य नसेल, तेव्हा? तेव्हा गाडी सुरूच करू नये. तिला शांतपणे उभी ठेवावी, बॅटरीची तार सोडून ठेवावी. दहावीस मिनिटे अर्धवट तापवून बंद केलेल्या इंजिनापेक्षा मुळीच न चालवलेले इंजिन अधिक सुखरूप असते.

अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली उत्तरपाड्याच्या कारखान्यात थांबले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर कंपनीची पद्मिनी त्याआधीच, शतक उलटताना बंद झाली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सीही गेली. या गाड्या आता नव्याने होणार नाहीत. ज्या आहेत त्या घरोघरच्या नानांच्या हाती आहेत. त्यांच्या प्रेमात उणे काही नाही. प्रेमाला थोड्या ज्ञानाची जोड हवी, इतकेच.

पुढच्या रविवारी त्या इंदूरच्या घरात काय व्हावे? शेडचे दार सताड उघडले जावे. इंजिन सुरू होताच गाडी अंगणात यावी. तेलाचा काटा वर येईपर्यंत नातवाने तो पाहत बसावे आणि "आजोबा, आला वर!" म्हणून सांगावे. मग नानांनी चोक थोडा आत ढकलावा, पहिला गिअर टाकावा आणि पहाटेच्या मोकळ्या रस्त्याने, वडील जसे जात तसे, सावकाश निघावे. वडिलांचा शब्द त्याने मोडत नाही; त्याचे राहून गेलेले दुसरे अंग तेवढे पुरे होते.